कोलकात्याचा चंद्र आणि घरातले दोन पायथन

“आई, एकच लक्षात ठेव. कुठेही ‘अपडेट करू का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. बाकी काही करायचं नाही. शिफ्ट दाबून एंटर. बस!”

बंगळूरला निघताना माझा मुलगा विहंग अर्धा टॅक्सीत आणि अर्धा बाहेर अशा अवस्थेत हे सांगून गेला. मला गुरूंनी दिलेला मंत्रसुद्धा याहून लांब आहे. मी तो मनात घोकला, लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं (ते कळफलकावर सांडलं, ही गोष्ट विहंगला अजून सांगितलेली नाही) आणि निर्धास्त झाले.

पुढचं लिहिण्याआधी एक खुलासा. माझे काही रोजचे नेम आहेत. सकाळची पूजा आटोपेपर्यंत मौन, आणि दिवसभरात कोणाला लागेल असं बोलायचं नाही. लिहिण्याबद्दल नेमात काही म्हटलेलं नाही. गुरुजींना विचारून घेतलं आहे.

तर गोष्ट चंद्राची. इथल्या मराठी घरांत भिंतीवर जे कॅलेंडर असतं, ते मुंबईहून येतं. त्यात संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतो तोही मुंबईचा. आता चंद्र पूर्वेकडून वर येतो, तो आधी आमच्या कोलकात्याला दिसतो आणि तासाभराने मुंबईकरांना. पण आमची मंडळी तीन-तीन पिढ्या इथे राहून, माशाच्या बाजारात बंगाल्याशी बंगालीत भांडून, उपास सोडतात मात्र मुंबईच्या वेळेला. चंद्र बिचारा आमच्या डमडमच्या पाण्याच्या टाकीवर येऊन उभा असतो, आणि खाली ही मंडळी उपाशीपोटी कॅलेंडरकडे बघत असतात.

“मूळ पंचांगाशी तडजोड नाही,” असं आमच्या मंडळाचे अध्यक्ष श्यामकांतराव म्हणतात. श्यामकांतराव स्वतः उपास करत नाहीत. उपास कधी सोडावा याबद्दल ज्यांची मतं सर्वांत ठाम असतात, ते सगळे दुपारी जेवलेले असतात, असं माझं निरीक्षण आहे.

हे असंच चालायचं. पण मागच्या संकष्टीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बजबजला राहणाऱ्या आशाकाकू नऊची वाट बघता बघता देवासमोरच आडव्या झाल्या. वय ऐंशीच्या पुढे, साखरेचा आजार, आणि पाण्याचा थेंब न घेता उपास. घराच्या पूर्वेला तेलाच्या भल्यामोठ्या टाक्या, त्यामुळे चंद्र दिसतो तो सगळ्यांचं जेवण झाल्यावर. डॉक्टरांनी बजावलं, की उपास वेळेवर सोडा नाहीतर करूच नका. मी त्यांना बघायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि डॉक्टरांवर नाराज होत्या.

“काकू, तुम्ही पडलात तेव्हा चंद्र केव्हाच उगवला होता हो.”

“कोण म्हणतं?”

“फोनवर येतं ना हल्ली.”

“फोनवर परवा मला बक्षीस म्हणून मोटार लागली होती. घेऊन जा म्हणत होते. फोनचं मला सांगू नकोस, निर्मला. छापलेलं सोडायचं तर समोर काहीतरी भक्कम हवं. तू कोलकात्याचं गणित कर आणि स्वतः येऊन मला वेळ सांग. तू खोटं बोलत नाहीस. तू सांगितलीस तर मी त्या वेळेला जेवीन. नाहीतर आहेच नऊ.”

“येत्या अंगारकीला येईन,” मी म्हटलं.

असं वचन दिल्यावर विहंगने सुट्टीच्या एका संध्याकाळी ते गणित लॅपटॉपवर मांडून दिलं. पायथन नावाच्या भाषेत ते लिहायचं असतं आणि ज्या पानावर लिहायचं त्याला नोटबुक म्हणतात. गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख घालायची, शिफ्ट-एंटर करायचं, की चंद्रोदय हजर. एकदा करून दाखवलं, टाळी दिली, आणि गेला.

माझी चूक इतकीच झाली, की हे मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं. कोलकात्याच्या वेळांचं पत्रक काढून सगळ्यांना देता येईल, एवढंच मी हळू आवाजात म्हणाले. श्यामकांतरावांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते मंडळाची घटना वाचल्यासारखे बोलतात.

“वहिनी, चंद्रोदय हा धोरणात्मक विषय आहे. असा कोणी उठून घरी काढायचा नसतो. सूचक लागेल. अनुमोदक लागेल. उपसमिती नेमावी लागेल.”

म्हणजे आकाशातल्या चंद्राला उगवण्यासाठी अनुमोदक लागत नाही, पण तो उगवला हे आमच्या मंडळाला कळण्यासाठी लागतो. उपसमिती नेमली गेली. तीत स्वतः श्यामकांतराव आणि नागपूरहून बदली होऊन आलेले बँकेतले अधिकारी सिद्धेश. सिद्धेश बँकेत संगणकीकरण बघतात. बघतात म्हणजे संगणक आले की पोच देतात. उपसमिती अंगारकीच्या दिवशीच माझ्याकडे येऊन गणिताची तपासणी करणार असं ठरलं.

आता घोषालबाबू. हे आमचे शेजारी. स्वभावाने देवमाणूस. रोज सकाळी त्यांच्या गच्चीवरची जास्वंद आमच्या गणपतीला आणून देतात आणि त्या बदल्यात आमच्या घरात जे काही चालू असेल त्यावर सल्ला देतात. सरकारी कचेरीत असताना त्यांनी पहिला संगणक येताना पाहिला होता. नुसता पाहिला होता. पण तेव्हापासून डमडममधल्या कुठल्याही संगणकावर आपला हक्क आहे अशी त्यांची समजूत आहे.

अंगारकीला अजून काही दिवस होते. एका सकाळी मी देवघरात, मौनात. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा. घोषालबाबू फुलं घेऊन आत आले, पडद्याकडे वाकून बघितलं आणि हळहळले. मला ते बौदी म्हणतात, म्हणजे वहिनी.

“बौदी! इतना पुराना वर्शन? ये तो म्युझियम में रखने का चीज है! अपडेट मांग रहा है, दे दूँ?”

मी पळीपंचपात्र टाकून धावले. तोंडातून शब्द काढायची सोय नाही. म्हणून दोन्ही हात हवेत उंच करून जोरजोरात हलवले, मान हलवली, डोळे मोठे केले. एवढ्या जिवाच्या आकांताने मी आयुष्यात कोणाला ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं.

घोषालबाबूंचा चेहरा उजळला.

“इतना आनंद! पहले बोलती तो मैं कल ही कर देता,” म्हणाले, आणि हो दाबलं.

पूजा झाल्यावर मी नोटबुक उघडलं, शिफ्ट-एंटर केलं. चंद्रोदयाच्या जागी लाल अक्षरांची एक लांबच लांब रांग उतरली. सगळ्यात खाली लिहिलं होतं, की ग्रहगणिताची जी जोडणी तुम्ही मागता आहात ती इथे नाही. कधी नव्हतीच, असा एकूण सूर. विहंगला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. त्याचा निरोप आला, ‘काळी खिडकी उघड, ती जोडणी परत इन्स्टॉल कर, मी ओळ पाठवलाय.’ विहंगचं मराठी असं आहे. गणित चांगलं आहे.

ती काळी खिडकी, म्हणजे पडद्यावरची हुकूम लिहायची काळी चौकट, मी उघडली, ओळ लिहिली. उत्तर आलं, की मागणी आधीच पूर्ण झालेली आहे.

मी दोन मिनिटं हात जोडून बसले. इतकी वर्षं जप करते आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत मला वरून कधी उत्तर आलेलं नव्हतं. मग डोळे पुसून नोटबुककडे गेले. नोटबुक म्हणालं, नाही. काळ्या खिडकीकडे गेले. ती म्हणाली, आहे. पुन्हा नोटबुक. नाही. पुन्हा खिडकी. आहे की. आमच्या मंडळात खजिनदार आणि चिटणीस यांच्यात असंच चालतं, पण ती माणसं आहेत, त्यांना चहा देऊन एका खोलीत बसवता येतं.

बातमी जिन्यातून खाली आणि गच्चीतून वर गेली. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, बंद करून चालू करा. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हणाल्या, चालू करून बंद करा. एका बाईंनी लिंबू-मिरची आणून दिली. ती मी लॅपटॉपला बांधली नाही, पण टाकलीही नाही. घोषालबाबू म्हणाले, “नया है ना, सेट होने में टाइम लेगा. जावई भी पहले साल ऐसा ही होता है.”

शेवटी मी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथे टोकन घेऊन बसावं लागतं. माझा नंबर आल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी पडद्यावरून डोळे न उचलता विचारलं, “प्रॉब्लेम?”

“चंद्रोदय येत नाहीये,” मी हिंदीत म्हटलं.

त्यांनी डोळे उचलले. त्यांच्याकडे तक्रारींचे ठरलेले प्रकार होते. चालू होत नाही, पडदा फुटला, पाणी सांडलं. चंद्र कशातच बसेना. त्यांनी जरा विचार करून ‘पाणी सांडलं’वर खूण केली आणि कळफलक उलटा करून झटकला. त्यातून हळदीकुंकू पडलं. हात लावल्याची जी काही फी होती ती देऊन मी घरी आले.

रविवारी सिद्धेश आले. उपसमितीचे सदस्य म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून. त्यांनी लॅपटॉप पाहिला, लाल रांग पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, हा सिस्टिम लेव्हलचा इश्यू आहे.” काय झालंय ते कळलं नाही की तो इश्यू सिस्टिम लेव्हलचा असतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यांनी एक अवाढव्य पॅकेट आत घातलं.

“आता सगळं एका छत्राखाली आलं. यात पायथनपण त्याचा स्वतःचा आहे.”

“म्हणजे आधीचा गेला?”

“नाही, तोही राहील.”

“आणि घोषालबाबूंचा?”

“तोही. काही बिघडत नाही.”

पायथन म्हणजे अजगर, हे मला विहंगने सांगितलेलं होतं. घरात एक अजगर असेल तर नमस्कार करून त्याला कोपऱ्यात राहू देता येतं. तीन झाल्यावर मी कोणाला दूध दाखवायचं? सिद्धेशनी साबुदाण्याचे वडे खाल्ले आणि काम फत्ते झाल्याचं उपसमितीला कळवून टाकलं. आधी नुसतं नाही म्हणणारं नोटबुक, ते जिना उतरेपर्यंत उघडेचना. त्यांचं छत्र काढून टाकायला मला पुढचे दोन दिवस लागले. एवढं अवघड विसर्जन मी पाहिलेलं नाही. कुठल्या ना कुठल्या फोल्डरमधून त्याचे अवशेष वर यायचे.

अशा रीतीने तिघांचे पुन्हा दोन झाले आणि अंगारकी उजाडली.

मी पूजेला बसलेली. मौन. आणि नेमका तेव्हाच विहंगचा फोन. मी फोन उचलून पाटावर ठेवला.

“आई, आज मला दहा मिनिट आहे. तू लॅपटॉपसमोर आहे ना? आई? ऐकते आहे ना?”

समोर घंटा होती. मी ती एकदा वाजवली.

“अरे हां, मौन. ओके. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्या घोषालकाकांनी अपडेट केला का?”

टण.

“म्हणजे दोन पायथन आहेत!”

टण टण टण. हा माझा वैताग होता, संकेतात बसत नसला तरी.

“आई, शांत. असं कर. नोटबुकला विचार, तू कुठे राहतो. काळ्या खिडकीला पण विचार. दोन्ही ओळी मी पाठवतो. पत्ते सेम आले तर एकदा वाजव.”

मी एका हाताने उदबत्ती धरून दुसऱ्या हाताने ओळी लिहिल्या. नोटबुकने पत्ता दिला विहंगच्या जुन्या फोल्डरमधला. काळ्या खिडकीने दिला तो भलतीकडचा, घोषालबाबूंनी हो म्हटल्यावर जो नवा आला होता त्याचा. घोषालबाबूंनी नवा आणताना जुन्याचं सामानही झाडूनपुसून नव्याकडे नेलं होतं, हे तेव्हा उलगडलं. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे मी इतके दिवस साबुदाणा घोषालबाबूंच्या घरी पोचवत होते आणि आमच्या डब्यात का नाही म्हणून रडत होते! काळी खिडकी खरंच सांगत होती, तिच्याकडे सामान होतं. नोटबुकही खरंच सांगत होतं, त्याच्याकडे नव्हतं. दोघांपैकी कोणी खोटं बोललं नव्हतं. खोटं फक्त सिद्धेश बोलले होते.

टण टण.

“हां! मग जुन्याला पूर्ण पत्त्याने हाक मार आणि त्याच्या हातात दे. मी लिहून पाठवतो. बाय आई, बाप्पाला नमस्कार सांग.”

पूजा उरकून मी जुन्या पायथनला अगदी नाव-गाव-गल्लीसकट हाक मारली. सामान उतरू लागलं. पण आमच्याकडचं नेट, त्यात ढगाळ हवा. किती उतरलं ते दाखवणारी हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली आणि ती काठाला लागते न लागते तोच दारावर उपसमिती. मागोमाग, हे सगळं आपलीच जबाबदारी आहे अशा भावनेने, घोषालबाबू. मी उपाशी होते. त्यांना भजी तळून दिली.

“चला, होऊ दे प्रात्यक्षिक,” श्यामकांतराव म्हणाले.

मी पदर खोचला, शिफ्ट दाबून एंटर केलं. लाल रांग आली नाही. एक स्वच्छ, सुंदर, काळी ओळ आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

श्यामकांतरावांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली.

“दुपारी अडीच?”

मग सिद्धेश खोकले. मग हसले. मग सगळेच.

“निर्मलावहिनींचा चंद्र दुपारी उगवतो!” श्यामकांतराव भजं हातात धरून म्हणाले. “म्हणजे आता उगवूनसुद्धा गेला! घड्याळ बघा, चार वाजले! वहिनी, जेवा आता!”

कोणाला लागेल असं बोलायचं नाही, हा नेम करताना, मला लागेल असं कोणी बोलेल, याचा विचार केलेला नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन विहंगला निरोप टाकला. उत्तर लगेच आलं, ‘ओह सॉरी आई, नवी जोडणी लंडनचा टाइम देते. साडेपाच तास मिळव.’

घ्या. मुंबईची वेळ नको म्हणून एवढं केलं, तर यंत्राने लंडनची दिली. कोलकात्याला स्वतःची वेळ असू शकते, हे मुंबईलाही मान्य नाही आणि लंडनलाही. अडीच आणि साडेपाच म्हणजे आठ. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मग लॅपटॉप आत उचलून आणला आणि मंगळवारच्या त्या तारखेऐवजी मागच्या संकष्टीची तारीख घालून बघितली. त्या रात्री मी आमच्या गच्चीतून टाकीवर आलेला चंद्र पाहिला होता, त्याच्याशी उत्तर जुळलं. गणित भक्कम होतं.

बाहेर येऊन मी तसं सांगितलं.

“साडेपाच तास तुम्ही मिळवलेत,” श्यामकांतराव म्हणाले. “यंत्राने नव्हे.”

“हो.”

“म्हणजे आकडा बदलला. त्यासाठी वेगळा ठराव लागेल.”

“टेक्निकली,” सिद्धेश म्हणाले, “कुठल्या वर्शनवर काढलंय ते आधी नोंदवायला हवं. जुन्यावर काढलेलं पुढे सपोर्टेड नसतं.”

“चाँद तो पुराना ही है,” घोषालबाबू म्हणाले. त्या दुपारचं ते एकमेव शहाणं वाक्य होतं, पण ते हिंदीत असल्यामुळे उपसमितीने नोंदवून घेतलं नाही.

मग जुना पायथन बरा की नवा, यावर तिघांची जुंपली. तिघांपैकी एकानेही आयुष्यात दोन्हींपैकी कशातही एक ओळ लिहिलेली नव्हती, त्यामुळे वादाला अंत नव्हता. मधेच श्यामकांतरावांनी मंडळाच्या ग्रुपवर निरोप धाडला, तोही मोठ्याने वाचत. “सर्व सभासदांस. आजचा अधिकृत चंद्रोदय कॅलेंडरप्रमाणे रात्री नऊ. अन्य स्रोतांकडून आलेल्या वेळा ग्राह्य धरू नयेत.”

अन्य स्रोत म्हणजे मी. भजीचा दुसरा घाणा घेऊन उभी होते.

तेवढ्यात फोन वाजला. आशाकाकू. त्यांचा आवाज एरवी पलीकडच्या गल्लीत जाईल असा, आज कान लावून ऐकावा लागला.

“निर्मला, अगं, सून म्हणते, मंडळाने नऊ सांगितलंय. मग नऊच धरू ना? तू येणार होतीस... असू दे. लांब आहे. मी थांबते नऊपर्यंत, मला काही होत नाही.”

“काकू, पाणी घेतलंत का?”

“चंद्र दिसल्याशिवाय कसं घेणार, बाई?”

“आठ वाजता उगवतोय. मी येते.”

“फोनवर सांगू नकोस गं,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

बाहेर पाच वाजत आले होते. डमडमहून सियालदह, तिथून बजबजची लोकल, पुढे रिक्षा. पोचेपर्यंत आठला थोडाच वेळ राहिला असता. देवघरात संध्याकाळच्या दिव्याची वात मी सकाळीच वळून ठेवली होती. दिवेलागणीला स्वतःच्या हाताने दिवा लावायचा, हा माझा सगळ्यात जुना नेम. विहंगच्या जन्माच्या दिवशीसुद्धा तो पाळूनच मी दवाखान्यात गेले होते. आता लावला तर तो दिवेलागणीचा दिवा होणार नव्हता, आणि दिवेलागणीपर्यंत थांबले तर बजबजला नऊ वाजणार होते.

देवासमोर क्षणभर उभी राहिले. गणपती नेहमीसारखे होते. त्यांनीही काही ठराव मागितला नाही.

शिंक्यावरचे मोदक डब्यात भरले, एका लहान बाटलीत साखरेचं पाणी घेतलं. बैठकीच्या खोलीत सिद्धेश म्हणत होते की मुळात प्रश्न वर्शनचा नाहीच, धोरणाचा आहे. श्यामकांतराव मान डोलावत होते. घोषालबाबू शेवटच्या भज्याकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

दार ओढून घेतलं, कडी वाजू दिली नाही. पहिला मजला उतरत होते तेव्हा वरून श्यामकांतरावांचा आवाज आला.

“वहिनी, चहाचं बघता ना जरा?”

मी पायऱ्या जरा झपझप उतरू लागले.